उडताना एक इंजिन बंद पडलं तर

ये पोरी, हे वाचताना तरी माझ्याजवळ बस. नवऱ्याकडं परदेशात गेलीस आणि आईला विसरलीस व्हय गं?

तू पहिल्यांदा विमानात बसणार होतीस, तेव्हा काटेवाडीत मला घास गिळवत नव्हता. तुला लहानपणापासनं दमा. तुझा भाऊ विमानं दुरुस्त करायच्या कामाला, म्हणून त्यालाच धरलं. म्हटलं, "उडतानाच एक इंजिन बंद पडलं, तर पोरीला हवा कुठनं मिळायची?"

"आई, आतली हवा इंजिनातनंच येती. पण तसं झालं तर काही विमानांत ती थोडा वेळ आपोआप बंद होती. राहिलेल्या इंजिनाची सगळी ताकद वर चढायला लागती ना."

"म्हंजी इंजिनासाठी माझ्या लेकीची हवा तोडायची? मुडद्या, हे सांगून माझा जीव घेतोस का?"

तो हसायला लागला. "चढाला बैल लंगडला की तू गाडीतनं खाली उतरतीस का न्हाय? तसंच हाय हे. आत भरलेली हवा तेवढ्या वेळाला पुरती. विमान वर गेलं की चांगलं इंजिन परत हवा देतं."

पटलं गं मला, तरी जीव थाऱ्यावर येईना. तू उडालीस त्या दिवशी दूध उतू गेलं, सारवलेलं अंगण मी परत सारवलं आणि फोनसाठी शेजारच्या दुकानात खेपा घालत राहिले. शेवटी तू म्हणालीस, "आई, पोचले." आणि मी तुझ्यावरच ओरडले, "एवढा उशीर?"

फोनवरच्या आवाजानं माझं भागत न्हाय. सुट्टी काढ आणि लवकर भेटायला ये.