शामलासारखी दिसणारी बाई

काटोल नाका मागे पडला तेव्हा शामला पहिल्यांदा बोलली.

"निघताना त्याईनं मले चप्पल आणून दिली. फाटकापाशी ठेवली. म्हणे, ताई, रस्त्यानं काच असते, अशा अनवाणी नका जाऊ."

"मग?"

"मग काय. म्हटलं, नवस आहे भाऊ. तं हात जोडून बाजूले झाले."

नवरात्रातली अष्टमी होती. वाडीहून कोराडीच्या देवीला आम्ही दोघी दरवर्षी एकदा पायी जातो. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, ओटी भरायची आणि बसनं परत यायचं. यंदा शामलानं अनवाणी यायचा नवस केला होता, म्हणून मीही चपला पिशवीत घातल्या. चप्पल आणून देणारे म्हणजे तिचे यजमान, शालिकराम. ज्या बाईला ते ताई म्हणाले आणि जिनं त्यांना भाऊ म्हटलं, ती त्यांची लग्नाची बायको. दोघांच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली.

शामला कळमेश्वरची. वडील तिथल्या एमआयडीसीत कामाला होते. तिथून लग्न होऊन ती वाडीला आली तेव्हा आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या होत्या आणि पुढे सगळी ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं. शालिकभाऊ अशाच एका गोदामात माल भरून घ्यायचे, गाडीवर ताडपत्री चढवून दोर बांधायचे. शामला घरी साड्यांना फॉल लावून द्यायची. तिचं हसणं मोठं होतं. ती हसली की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि माझ्या सासूबाई म्हणायच्या, "झालं, लागला तिचा भोंगा." पुढे दोघांनी हप्त्याहप्त्यानं घर बांधलं, मुलगा धर्मेंद्र शिकला, नोकरीला लागला. सांगण्यासारखं एवढंच. चारचौघांसारखा संसार होता.

यंदाच्या उन्हाळ्यात शालिकभाऊ भरल्या गाडीवरून पडले. डोक्याला मार लागला. धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, बरेच दिवस तिथेच होते. आम्ही डबे पोचवत होतो. शुद्धीवर आले, बोलायला लागले, धर्मेंद्रला ओळखलं, मला ओळखलं. "सिंधू वहिनी, तुमच्या डब्यात मीठ कमी असते," असंही म्हणाले. आम्ही सगळे हसलो, देवाला हात जोडले. शामला पलंगाच्या उशाशी उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "सिस्टर, माह्या बायकोले आत येऊ देता का?"

आधी वाटलं ऑपरेशनची गुंगी आहे. घरी आल्यावरही तेच राहिलं. बाकी सगळं ठीक. हिशोब ठीक, पेपर वाचतात, शेजारपाजार ओळखतात. फक्त शामला नाही. दिसते तिच्यासारखीच, हे ते मान्य करतात. "हुबेहूब आहे," मला म्हणाले, "पण वहिनी, मले समजत नाही का? ती ही नाही."

गल्लीत बोलणं झालंच. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू उतरवून टाका. कोणी म्हणालं नाटकं आहेत. धंतोलीच्या डॉक्टरांनी शामलाला समजावलं. डोळ्यांना चेहरा दिसतो, पण चेहरा पाहिल्यावर आत जी ओळख लागते, ती लागत नाही. मग मन आपलं आपण समजूत काढतं, की ही कोणी दुसरी असेल. वाद घालू नका, औषध चालू आहे, कदाचित सुधारेल. कदाचित, असंच ते दोनदा म्हणाले.

पण चेहरा समोर नसला की आवाज ते ओळखतात. हे आम्हाला अचानक कळलं. शामला एकदा बाजारातून उशीर होतो म्हणून सांगायला सवयीनं घरी फोन करून बसली. तिकडून शालिकभाऊ म्हणाले, "काहून वं, कुठी आहेस तू? इतके दिवस फोन नाही, काही नाही." ती रस्त्यात उभी राहिली. तोंडातून निघालं, "कळमेश्वरले आहो, भावाकडे." तेव्हापासून शालिकभाऊंची बायको कळमेश्वरला आहे.

रोज दुपारी शामला माझ्या घरी यायची आणि आतल्या खोलीत बसून त्यांना फोन करायची. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत. कधीकधी त्यांचा आवाज फोनातूनही यायचा आणि भिंतीतूनही. ते तिला सगळं सांगायचे. काय जेवले, कोण आलं, धर्मेंद्र किती उशिरा येतो. आणि त्या बाईविषयी. "पोरानं कामाले ठेवली असन. चांगल्या घरची वाटते. तू गैर समजू नको." फोन झाला की शामला पदर नीट करून उठायची, माझ्या दारातून निघून त्यांच्या दारात जायची. ते उठून उभे राहायचे. "या ताई," म्हणायचे.

एका संध्याकाळी लाइन गेली. सगळी गल्ली अंधारात. शामला स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेणबत्ती कुठी ठेवली जी?" ते बाहेरून म्हणाले, "शामला? केव्हा आली?" ती जागची हलली नाही. अंधारातच दोघं बोलत राहिले. लाइन येईपर्यंत. मग लाइन आली, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माफ करा ताई," म्हणाले, "मले वाटलं आमच्या घरचे आहेत."

हे मला शामलानंच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. रडली नाही. मीच उठून पाणी प्यायले.

त्या दिवशी कोराडीच्या वाटेवर माणसं बरीच होती. पोरींचे घोळके, डोक्यावर लाल चुनरी बांधलेले बाप्ये, कडेवर लेकरं. जागोजागी मंडप टाकून लोक चहा-फराळ देत होते. एका मंडपातला माणूस आम्हाला म्हणाला, "बसा मावशी, देवी कुठी पळून नाही चालली." शामलानं साबुदाण्याचा द्रोण घेतला आणि तसाच हातात धरून बसली.

"खा वं," मी म्हटलं.

"खाते." मग म्हणाली, "ताई, एक सांगू? मी त्याईले एकदा विचारलं. म्हटलं भाऊ, तुमची बायको दिसते कशी? तं म्हणे, गोल चेहरा आहे. गालाले हसली का खळी पडते. केस इथपर्यंत, काळेभोर. सारखी हसत असते, म्हणे, मी चिडतो कधीकधी."

मी तिच्याकडे पाहिलं. गाल बसलेले. केस कानापासून पांढरे, मागे आवळून बांधलेले. ऑपरेशनच्या आधीपासून ते तसेच होते. मला आठवायला गेलं तर आठवली ती हसणारी. माझ्या डोळ्यांसमोर रोज असलेली ही कधी आली, ते मलाही सांगता येईना.

"लग्नातला फोटो सांगून राहिले ते," शामला म्हणाली. "त्याच्यानंतर त्याईनं मले पाह्यलंच नाही. म्हणजे नांदवलं चांगलं, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण घरात भिंत असते, तसं. भिंत कोणी पाहते का? आता डोक्याले मार लागला अन् पहिल्यांदा नीट पाह्यलं. अन् म्हणे, ही नाही." तिनं द्रोण मांडीवर ठेवला. "मी आत जाऊन आरशात पाह्यलं. त्याईचं काय चुकलं, मले समजलं नाही."

"असं काय बोलतेस. त्यांना आजार आहे. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"सांगतलं. त्याईले आजार आहे. पण ज्याईले आजार नाही, त्याईनं तरी कधी पाह्यलं? धर्मेंद्र म्हणते, आई, तू आहे तशीच आहेस. त्यानं हे म्हटलं तेव्हा तो मोबाइल पाहून राहिला होता."

मला हसू आलं. तीही थोडं हसली असती, असं वाटलं. हसली नाही. द्रोण तिनं शेजारच्या लेकराला दिला आणि आम्ही उठलो.

चालताना मी तिला देवीचं सांगितलं. तिला माहीत नाही असं नाही, पण सुचलं म्हणून सांगितलं. कोराडीची देवी सकाळी बालिका दिसते, दुपारी तरुण, संध्याकाळी म्हातारी, असं म्हणतात. मूर्ती एकच. भक्तांनी कधी म्हटलं नाही, ही दुसरी आहे.

"देवीकडे लोक पाहायलेच जातात," शामला म्हणाली. "रांगेत उभं राहून."

माझी श्रद्धा आहे, रोजचा दिवा आहे, पण प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं असं मला वाटत नाही. तळपाय आता चांगलेच भाजत होते.

खरी अडचण परवावर आली होती. दसऱ्यावर. ती शामलाच्याच तोंडून झाली. पितृपक्षात एकदा फोनवर शालिकभाऊ म्हणाले, घर खायला उठते, तू येतेस तरी केव्हा? ती म्हणून गेली, "दसऱ्याले येते." म्हणायचं म्हणून म्हणाली. त्यांनी धरून ठेवलं. घराचं दार धुतलं, धर्मेंद्रकडून दिव्यांची माळ लावून घेतली, तिच्या आवडीची बर्फी कुठून आणायची ते ठरवलं. आणि घरातल्या ताईला हात जोडून सांगितलं, की आमच्या घरचे दसऱ्याला येणार, तोवर तुम्ही तुमच्या घरी गेलेलं बरं. तुमची काही चूक नाही, पण बायकोचं मन आहे.

धर्मेंद्र म्हणाला, बाबा विसरतील. ते विसरले नाहीत.

कोराडी नाक्याच्या अलीकडे शामलाचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला झाली. गर्दीत ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"हॅलो, बोला जी."

"जेवली का वं?"

"उपास आहे ना अष्टमीचा."

"हो हो. ऐक. ते ताई सिंधू वहिनीसंग देवीले गेले, म्हणून आता बोलतो. त्याईच्यासमोर बोलता येत नाही. परवा सकाळी त्याईले पाठवून देतो. तू दुपारी ये."

"बरं."

"तुले राग नाही ना? तशी काही भानगड नाही. मी वऱ्हांड्यातच झोपतो, धर्मेंद्रले विचार. तुह्या साड्याले त्या हात लावत नाही... म्हणजे लावते, पण घडी नीट ठेवते. भाजी बी तुह्यासारखीच करते. मी सांगतलं नाही त्याईले, उगाच कशाले."

"सांगायचं होतं," शामला म्हणाली.

"काहून?"

"काही नाही. बरं वाटलं असतं त्याईले."

ते म्हणाले, "रिकाम्या हातानं नाही पाठवत मी. साडी आणून ठेवली आहे. ओटी कोण भरन हाच प्रश्न आहे, घरात सवाशीण नाही. सिंधू वहिनीले सांगतो. त्या नाही म्हणणार नाही."

"ठीक आहे," शामला म्हणाली आणि फोन ठेवला. त्यांच्याआधी ठेवला.

आम्ही चालायला लागलो. एका ट्रॅक्टरवर जगदंबेचा फोटो आणि ढोल-ताशा होता, तो पुढे जाईपर्यंत बोलता येणार नव्हतं. गेला तेव्हा मी म्हटलं, "जाऊ नको. घर तुझ्या घामाचं आहे. औषध लागू पडेल, डॉक्टर म्हणाले ना."

"लागू पडलं तं येईनच ना. कळमेश्वर काही दूर नाही."

"अन् नाही पडलं तर?"

"ताई, ते वऱ्हांड्यात झोपतात. परक्या बाईसंग एका छताखाली झोपायचं नाही म्हणून. डोक्यावर टाके पडलेला माणूस. दिवाळीनंतर काय थंडी पडते आपल्याकडे, तुले माहीत आहे. मी म्हटलं मी बाहेर झोपते, तं म्हणे बाईमाणसाले बाहेर झोपवून मी आत झोपू?" तिचा श्वास लागला होता, ती थोडी हळू झाली. "मी तिथी आहो तोपर्यंत ते आत येत नाही. मी गेली तं आत झोपतील. अन् बायको तं त्याईची फोनवर आहेच. घरात नाहीच आहे ती. त्याईच्या डोळ्यापुढे मी उभी राहून काय करू?"

"आणि दुपारी बायको येणार म्हणून वाट पाहतील, त्याचं?"

"सांगीन, भावाची तब्येत बरी नाही, दिवाळी करून येते. फोनवर ते माह्यं सगळं ऐकून घेतात."

तिनं हे आधीच ठरवलं होतं, रस्त्यात नाही. बाबारावला, म्हणजे तिच्या भावाला, तिनं सांगूनही ठेवलं होतं. धर्मेंद्रला त्या रात्री सांगणार होती. देवळाची कमान दिसायला लागली तशी माणसं हात जोडून भराभर चालू लागली. शामलाही चालू लागली. मग थांबली आणि मला बाजूला घेतलं.

"ते तुले ओटी भरायले सांगतील," ती म्हणाली. "तू ये. नाही म्हणू नको. अन् खेळ आहे असं समजून भरू नको. खरी भर, कुंकू लाव, नारळ दे."

"तुझ्याच घरातून तुझी पाठवणी करू मी?"

"मी त्या घरात आली तेव्हा लोकाईनं किती थाटानं आणलं होतं. जाताना बी कोणीतरी मानानं बाहेर आणलं पाहिजे." तिनं पदरानं तोंड पुसलं. घामच होता. "अन् ओटी भरून झाली का जाणारीले आपण 'परत या' म्हणतो ना, तसं ते नाही म्हणणार. त्याईले भेव वाटन, बायकोच्या कानावर जाईन म्हणून. तू म्हण. त्याईच्यासमोर म्हण, मोठ्यानं."