मधल्या यंत्राची बेरीज

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं वायरलेस शिकवायचो. तो लातूरचा, घरी तूरडाळीचा व्यापार. सकाळी स्टाफरूममध्ये आला की नमस्काराऐवजी त्यांच्या समाजाच्या रीतीनं "शरणार्थ" म्हणायचा. मी त्याच्या समाजाचा नव्हतो, तरी उत्तर तेच द्यायचो.

मैदानाच्या एका टोकाला माझी प्रयोगशाळा, दुसऱ्या टोकाला त्याची. मध्ये वर्कशॉपची इमारत, त्यामुळे इकडचा निरोप थेट तिकडं पोचत नसे. म्हणून पाण्याच्या टाकीवर आम्ही तिसरं यंत्र बसवलं. फ्रिक्वेन्सी एकच, तेव्हा एका वेळी एकानंच बोलायचं. मी टाकीला, टाकी त्याला, मग तो टाकीला आणि टाकी मला, अशा चार पाळ्या लागत.

एके दिवशी तो म्हणाला, "तुमचे पाच, माझे सात. टाकीनं दोन्ही ऐकून एकदाच बारा सांगितलं तर? तुमचे पाच तुम्हाला ठाऊक हायेत. मग माझे सात कळतील की न्हाई?"

चारऐवजी तीन पाळ्या. कल्पना पूर्णपणे त्याची होती. अट एवढीच, की बेरीज येईपर्यंत प्रत्येकानं आपला आकडा जपून ठेवायचा.

माझ्या बाजूचा प्रोग्राम मी लिहिला. यंत्रात जागा कमी, म्हणून निरोप पाठवला की पुसून टाकायचा, अशी ओळ मी त्यात घातली होती.

प्रयोग बघायला सगळा विभाग माझ्या प्रयोगशाळेत जमला. पडद्यावर नुसता कचरा उमटला. "खिचडी केलीत, सर! आता डाळ-तांदूळ वेगळे करून दाखवा," विभागप्रमुख मला म्हणाले. "डाळवाल्यांच्या घरचा असून त्याला जमेना?" कुणीतरी मागून टोला हाणला. सगळे हसले.

तो मैदान ओलांडून धापा टाकत आला, तेव्हाही हसणं चालूच होतं. "माझ्याकडं तर बरोबर येतंय!"

"माझ्याकडचं मी तपासलंय," मी म्हणालो.

मी काहीही तपासलं नव्हतं. त्यानं मात्र माझा शब्द खरा मानला.

संध्याकाळी एकटा असताना ती पुसून टाकायची ओळ सापडली; बेरजेतून वजा करायला माझा आकडाच उरत नव्हता. ती काढली आणि त्याचे आकडे स्वच्छ येऊ लागले. मी यंत्र बंद केलं आणि घरी गेलो. त्यानं त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. पुढं नोकरी सोडून तो लातूरला भावाच्या दुकानात बसू लागला.

आता मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली; बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मागच्या महिन्यात बसनं लातूरला गेलो.

"बसा सर. वाट चुकला काय?" तो म्हणाला.

सगळं सांगितलं. तो बराच वेळ पोत्यातल्या तुरीतून हात फिरवत राहिला.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"हो."

"लई वर्षं मी माझ्याच हिशेबात चूक हुडकत राहिलो, सर." मग म्हणाला, "पण मला काय सांगता? मी हसलो नव्हतो. हसले त्यांना सांगा." गिऱ्हाईक आलं, तो उठला.

हसलेल्यांपैकी दोघंच हयात आहेत. एकाला खिचडीचा विनोद आठवला, बाकी काही नाही. दुसरा म्हणाला, "आता कशाला उकरून काढून राहिले?"

म्हणून हे लिहिलं. त्याची रीत त्या दिवशीही बरोबर होती. त्या वेळच्या कुणी हे वाचलं, तर एकदा लातूरला जाऊन त्याला तसं सांगा. माझा फोन तो उचलत नाही.