घरचा तांदूळ

आमचे भाऊ कुठल्याही गावाला गेले की देवळाआधी शेताकडे वळायचे. बांधावर उकिडवे बसून मातीचं ढेकूळ चिमटीत चुरडायचे आणि मालकाला तोंडावर सांगायचे, "पानी जास्त होतंय तुजं." मालकाला राग आला तरी भाऊंना त्याचं सोयरसुतक नसे.

भाऊ म्हणजे माझे थोरले काका. भिवंडीजवळ वडप्याला हायवेलगत आमची भातशेती होती, आता तिथे गोडाऊनं आहेत. भाड्यावर घराला मजला चढला, दारात गाडी आली आणि भाऊ रिकामे झाले. तरी सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून ते निघायचेच, आणि वॉचमनशी हिंदीत पाऊसपाण्याच्या गप्पा मारून परत यायचे.

चुलतभावांनी नाशिकला वाइनचे मळे बघायची टूम काढली, तेव्हा भाऊ सगळ्यांआधी तयार. "दुसऱ्याच्या शेतावं रिकाम्या हातानं जायचं न्हाय," हा त्यांचा नेम. पूर्वी ते घरचा तांदूळ न्यायचे. या वेळी मला भिवंडीच्या बाजारात पिटाळलं. छापील पिशवी बरी दिसेना, म्हणून काकीने तो तांदूळ कापडी पिशवीत ओतला. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच वाइनरीत एक मुलगी आम्हाला ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवत होती. आम्ही जाणकारासारख्या माना हलवत होतो. भाऊंनी ग्लासाच्या तळाशी पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "एवढीच? देवलातला बामन तीर्थ तरी बरा देतो." आजूबाजूचे पुणे-मुंबईवाले हसले. आमची तोंडं मात्र वाइनच्या रंगाची झाली. मग भाऊच उठून मागच्या मळ्यात गेले आणि आम्हालाही हायसं वाटलं.

त्यांना शोधत गेलो, तर एका वेलाशी ते आणि मळ्याचे मालक नाना शेजारी बसलेले. नाना त्या वाइनरीला द्राक्षं घालायचे. भाऊंनी पिशवी पुढे केली. नानांनी चार दाणे दाताखाली फोडले आणि खूश होऊन म्हणाले, "घरचा दिसतोय!"

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे तिथेच उभे होतो.

"हां, घरचाच," ते म्हणाले.

"मग कापणीला येतोच तुमच्याकडे. भाताची कापणी कधी पाहिली नाही."

"या की. वडप्यात कुनालाबी इचारा."

परतीच्या वाटेवर, एरवी प्रत्येक शेताला नावं ठेवणारे भाऊ कसारा घाट उतरेपर्यंत डोळे मिटून बसले. आम्हीही मोबाइलमध्ये तोंडं घातली होती. लाज त्यांच्या एकट्याची नव्हती. गोडाऊनच्या करारावर सह्या आम्ही सगळ्यांनी केल्या होत्या.

दिवाळीच्या आगेमागे नाना खरंच आले. नाशिकहून, हातात बेदाण्यांची पिशवी घेऊन. गल्लीत त्यांचा आवाज ऐकताच भाऊ आतल्या खोलीत शिरले आणि मला दबक्या आवाजात म्हणाले, "न्हाय म्हनून सांग." मी ओट्यावर जाऊन सांगितलं, भाऊ घरात नाहीत. नाना पाणी प्यायले. समोर पत्र्याच्या गोडाऊनांची रांग, कंटेनर मागे घेणारे ड्रायव्हर, धूळ. नाना बराच वेळ तिकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारणार.

"कापणी आटपलेली दिसते," ते शांतपणे म्हणाले. "मलाच यायला उशीर झाला. भाऊंना सांगा." पिशवी ठेवून ते निघून गेले.

भाऊ दाराआड सगळं ऐकत होते. बाहेर येऊन ओट्यावर बसले. "शिव्या घातल्या असत्या तं मी भायेर आलो असतो रं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कुणाच्या शेताच्या बांधावर बसलेले मी पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी भाऊ गेले. नानांना कळवायला मीच फोन केला. ते हळूच म्हणाले, "फार जाणता शेतकरी होता. आता शेत कोण बघतं?"

मी गोडाऊनच्या दारात उभा होतो. मागे हमाल माल उतरवत होते. मान खाली गेली.

"मी बघतो," मी म्हणालो.