हळूबाई आणि नव्या रंगाची भिंत

आमच्या वृद्धाश्रमातल्या आयाला सगळे हळूबाई म्हणतात. दिवसभर तिच्या तोंडी एकच, "हळू हो, घाई कसली? गाडी चुकतेय का?" मी इथली सिस्टर. तिच्याहून वयाने लहान, हुद्द्याने मोठी आणि रागाने तर फारच मोठी. पण म्हाताऱ्या माणसाला पडण्यापासून सांभाळायचं कसं, ते मी तिच्याकडून शिकले.

झोपेतून उठलेल्या माणसाला ती कधी सरळ उभं करत नाही. आधी खाटेच्या कडेला बसवते, पाय खाली सोडायला लावते, बोटं हलवायला लावते आणि विचारते, "आज काय स्वप्न पडलं?" स्वप्न सांगून होईस्तोवर अंगात नीट रक्त खेळतं, चक्कर येत नाही. त्यामुळे आमची सकाळ अर्धी झोपेतच असते. कुणी उडून आलेलं असतं, कुणाची आई दारात उभी असते, एका काकांना तर तीस वर्षांपूर्वी चोरीला गेलेली सायकल रोज सापडते. हळूबाई सगळं खरं मानून ऐकते. "मग घंटी वाजत होती का?" असंही विचारते.

हे वेड तिला कुठून लागलं, ते तिने एकदाच सांगितलं. पाहुणे येणार म्हणून तिने घरची फरशी आरशासारखी पुसली होती. सासूबाई ओल्यावर घसरल्या, तीन महिने अंथरुणात राहिल्या आणि गेल्या. "कुणी मला बोललं नाही, सिस्टर. बोलले असते तर बरं झालं असतं."

पुरुषांच्या खोल्यांपासून बायकांच्या खोल्यांपर्यंत आमचा एक लांबलचक, अरुंद बोळ आहे. कठडा बसवला तर चाकांची खाट जात नाही, म्हणून तिथे कठडा नाही. दुपारी वरच्या झरोक्यांतून ऊन उतरतं, सगळं थोडं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं आणि म्हातारी माणसं त्यातून सावकाश तरंगत जातात. भिंतीवर कमरेच्या उंचीला हातांनी मळलेला तपकिरी पट्टा होता. हळूबाईने तो कधीच घासला नाही. मी ओरडले की म्हणायची, "राहू द्या. ती त्यांची वाट आहे."

पुरुषांच्या खोलीतले मास्तर रोज दुपारी त्या पट्ट्यावर हात ठेवत पलीकडे बायकोकडे जायचे. बाईंचं खुबा मोडल्यापासून उठणं बंद झालं होतं. चाकाच्या खुर्चीतून चला म्हटलं की मास्तर मान हलवायचे. "तिला आमच्यातल्या एकाला तरी चालताना बघू दे."

मग आमच्या व्यवस्थापकांना, म्हणजे चकाचक साहेबांना, सरकारी पाहणीच्या आधी रंगकामाची हुक्की आली. बोळ पांढराशुभ्र झाला. खोटं कशाला बोलू, मीही खूश झाले. हळूबाई तेवढी पट्ट्याची जागा शोधत भिंतीवरून हात फिरवत होती.

चौथ्या दिवशी मास्तर पडले. भिंतीला हात न लावता बोळाच्या मधून चालत होते. मी तडकलेच, "भिंत धरता येत नव्हती का?"

"नवा रंग आहे, सिस्टर. जन्मभर पोरांना सांगितलं, भिंती मळवू नका."

हाड वाचलं, धीर मात्र मोडला. मास्तर खाटेवरून उतरेनात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दहा दिवसांत उठले नाहीत तर पाय कायमचे जातील. पलीकडून बाई निरोप पाठवायच्या, "रागावलेत का?" मास्तर तोंड फिरवायचे. मी समजावलं, चिडले, हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मास्तर पडल्यापासून नवव्या दिवशी दुपारी मी बोळात आले आणि किंचाळायचीच बाकी राहिले. हळूबाई चहाच्या चोथ्याचं पातेलं घेऊन त्यात पंजा बुडवत होती आणि भिंतीवर उठवत होती. एकामागून एक, कमरेच्या उंचीला, थेट टोकापर्यंत.

"अगं बाई! साहेब नोकरीवरून काढतील तुला!"

"काढू देत की." पातेलं माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "तुम्ही उंच आहात. मास्तरांचा हात तुमच्या हाताच्या उंचीला येतो."

मी पंजा बुडवला.

मग तिने मास्तरांना खाटेच्या कडेला आणून बसवलं आणि दार उघडं टाकलं. मास्तरांची नजर त्या भिंतीवर गेली. "कुणी केली ही घाण?"

"आम्ही," मी म्हणाले. "आता तुमच्याने काय आणखी मळणार आहे?"

मास्तर उठले. पहिल्या पंजावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. हळूबाई अर्धं पाऊल मागे आणि तिच्या मागे मी. तेवढासा बोळ, पण मला वाटलं आम्ही वर्षभर चालतोय.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. नवरा दारात उभा बघून डोळे भरले त्यांचे, पण तोंडातून आलं ते भलतंच. "अहो, हात बघा कसे बरबटलेत! आधी धुऊन या."

बेसिन खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पाच पावलांवर. मध्ये धरायला काहीच नव्हतं. मी पुढे झेपावणार, तोच हळूबाईने माझं मनगट आवळलं. मास्तर वळले आणि पाचही पावलं एकटे चालले. हात धुतले, सदऱ्याला पुसले, तितकीच पावलं परत येऊन बायकोजवळ बसले.

"नऊ दिवस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांचा ओला हात दोन्ही हातांत धरला. मी तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडले.