कान चांगले, मग ऐकत काहून नाही?

"कान तो एकदम ठीक हैं इनके," डॉक्टर म्हणाले आणि मी मनात म्हटलं, सापडला चोर!

आमचे हे सरकारी ऑफिसात बाबू. पिणं जुनंच. रायपूर राजधानी झाल्यावर रोजच्या बैठका वाढल्या, त्याही पचवल्या मी. आता 'सोडली' म्हणत होते. पण हाक मारली तर उत्तर नाही, विचारलं एक तर सांगणार दुसरंच. पिऊन असायचे तेव्हा अगदी अस्संच! म्हणून रोज दारातच तोंडाचा वास घ्यायची मी. वास येत नव्हता, तर संशय आणखी वाढला. वेलची चघळून येत असतील! गोंदियाला भावाकडे जायला बॅगही भरून ठेवली होती.

एकदा मुद्दाम मागून ताटली पाडली. दचकून वळले.

"ताटली ऐकू येते, बायको नाही? ढोंग करून राहिले तुम्ही!"

"आवाज येते वं. तू काय म्हणते ते समजत नाही मले."

मग कान ठीक म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून शंकर नगरच्या दवाखान्यात बेरा टेस्ट झाली. डोक्याला तारा लावतात, कानात टकटक आवाज सोडतात. तो आवाज कानातून मेंदूपर्यंत कसा जातो, ते मशीन बघतं. मी तिथल्या मुलीला विचारलंच, "इसमें नाटक चलता है क्या?"

"नहीं दीदी, ये तो नींद में भी हो जाता है."

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "बरसों की शराब से कान से दिमाग का रास्ता सुस्त पड़ गया है. शोर में बात पकड़ नहीं पाते."

"मतलब अब नहीं पीते?"

"वो ये टेस्ट नहीं बताता."

घ्या! मले जे पाहिजे होतं तेच नाही.

पुढे म्हणाले, दारू बंद राहिली तर थोडं सुधारेल. टीव्ही बंद करून, समोर बसून बोला. आधी नाव घ्या, मग बोला.

नाव? लग्नातल्या उखाण्यानंतर यांचं नाव कधी घेतलं नव्हतं मी. स्वयंपाकघरातून 'अहो' ओरडायचं, तेही मिक्सर चालू असताना!

संध्याकाळी टीव्ही बंद केला, समोर बसले, डोळे मिटून म्हटलं, "सुधाकर."

ते ताडकन उठले. "काय झालं? कोण गेलं?"

हसू आलं मले, रडूही. "कोणी नाही गेलं. आज घेतली का?"

"नाही." लगेच, सरळ उत्तर. आणि वास घे म्हणून रोजच्यासारखं तोंड पुढे केलं.

"राहू द्या," मी म्हटलं.

तुमच्याही घरी असं कोणी असेल, तर कान चांगले निघाले म्हणून थांबू नका, पुढची तपासणी करा. त्या डॉक्टरांचं भलं होवो. बॅगेतल्या साड्या मी परत कपाटात ठेवल्या.

वेलचीचा डबा मात्र अजून कुलपातच आहे.