आधी उलटा बघायचा चेहरा

"उलटा करा! आधी फोटो उलटा करा!"

उदगीरचा मुनीर भर श्रद्धांजलीत असा ओरडला, की हॉलमधल्या पाहुण्यांच्या हातातली फुलं हातातच राहिली. आमच्या मन्मथअप्पांचा फोटो नुकता कुठं हार घालून खुर्चीवर ठेवला होता. एक म्हातारबा तर काठी घेऊनच उठले. त्यांना काय माहीत, की कुठलाही चेहरा आधी उलटा बघायचा ही अप्पांचीच शिस्त! "सुलटा चेहरा भुलवतो," ते म्हणायचे. "उलटा धरला, की नुसता उजेड दिसतो."

दर महिन्याला लातूरला त्यांच्या स्टुडिओत आम्हा फोटोवाल्यांचा दरबार भरायचा. मी नांदेडहून एसटीनं यायचो. फोटो ज्यानं काढला, त्यानं गिऱ्हाइकाच्या स्टुलावर गप बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला सोलायचं. निलंग्याच्या एका पठ्ठ्याला तिथं असा घाम फुटला, की ते स्टूल पुढं दोन उन्हाळे वाळलं नाही. "नाकाखाली ही सावली हाय का मिशी?" मुनीर विचारायचा. "न्हाई, बाईचा फोटो हाय, म्हणून म्हणलं."

शेवटचा शब्द अप्पांचा. फोटो टुकार असला, तर ते लई प्रेमानं म्हणायचे, "छान हाय. चहा घे." तो चहा पिऊन लोकांनी धंदे बदललेत! आणि फोटोत दम असला, तर चष्मा कपाळावर सारून दोनच शब्द : "परत काढ." ज्याला हे शब्द मिळाले, तो गावाकडं एसटीतून नाही, हत्तीवरून जायचा. मला मिळाले, तेव्हा मी माहूरच्या देवीलासुद्धा सांगून आलो. असा चेहरा बघायला शिकवणारा माणूस आमच्या भागात होता, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

हारामागचा हा फोटोही माझाच. आजारपणातला, खिडकीशी, पांढऱ्या सदऱ्यातला. जन्मभर दुसऱ्यांना "हनुवटी खाली" सांगणारा माणूस माझ्यापुढं लेकरागत बसला... मीच भीत भीत म्हणालो, "अप्पा, हनुवटी खाली." घरी येऊन फोटो दरबाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अप्पांच्या नंबरावरून उत्तर आलं : "छान." मुनीरनंसुद्धा चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा. परत विचारायची छाती झाली नाही. आणि त्याच आठवड्यात अप्पा गेले...

तर हॉलमध्ये फोटो उलटा झाला. आम्ही सगळे वाकलो. कपाळावरून उजेड गालावर उतरला होता, सदऱ्याच्या घडीत जाऊन थांबला होता. मुनीरनं त्या उजेडावरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "याला छान कसं म्हणले रे अप्पा?"

पाहुणे पांगल्यावर मी काकूंजवळ, म्हणजे अप्पांच्या बायकोजवळ गेलो. म्हणालो, "काकू, अप्पांनी माझ्या फोटोला 'छान' लिहिलं, तेवढं मनाला लागून राहिलंय बघा."

काकू हार सारखा करत म्हणाल्या, "ते मी लिहिलं. हे तर 'परत काढ' म्हणले होते. तुमाला वाईट वाटंल म्हणून मीच बदललं."