बोझ्याची वाट

खैरखेडची गोजरबाई बाजारात सीताफळं घेऊन बसली म्हणजे शेजारच्या बाया आपापल्या टोपल्या दोन हात लांब सरकवत. कारण तिचा आवाज. ती ओरडत नसे, नुसती बोलायची, पण ते बोलणं तीन दुकानं ओलांडून जायचं. उंचीनं बेताची, रंगानं काळीभोर, पोटऱ्या बाभळीच्या खुंटासारख्या. नवरा कचरू मोजकंच बोलणारा माणूस. दीड एकर वावर, एक विहीर, त्यात वांगी, मिरच्या आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्याकडच्यांची कोथिंबीर. आमच्याकडं सांबारच म्हणतात आणि तेच बरोबर आहे.

खैरखेड खामगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या वर. सडकेनं गेलं तर खामगाव सात कोस, कारण सडक ढोर चुकल्यासारखी वळसे घेत उतरते. पण बायांची एक वाट होती, सरळ खोऱ्यातून खाली जाणारी. ती चार कोस. तिला बोझ्याची वाट म्हणत. सोळा वर्षं गोजरबाई त्या वाटेनं डोक्यावर टोपली घेऊन खामगावला गेली. पुढं तिला कळलं, की खामगावच्या ठेसनावरून छोटी गाडी जलंबला जाते आणि जलंबला अकोल्याची गाडी मिळते. एके दिवशी ती टोपली घेऊन सरळ अकोल्याला उतरली. आमच्या लेखी अकोला म्हणजे मुंबईच. तिथं मुलींच्या एका शाळेच्या फाटकाबाहेर तिनं बसकण मारली आणि दर सीताफळीच्या हंगामात तीच जागा धरली.

त्या शाळेत सत्यभामाबाई भूगोल शिकवीत. त्यांनी एकदा सहज विचारलं, "ही एवढी मोठी सीताफळं कुठली हो?"

"हत्तीडोहाची. आमच्या गावाच्या मांगं खोरा हाय. काळ्या खडकावरून पानी तीन पायऱ्यांनं पडते. खाली डोह. पौषापर्यंत आटत नाई."

"नकाशात तर नाही."

"नकाशावाला आला नसंन," गोजरबाई म्हणाली. "आला असता तं पाह्यला असता."

सत्यभामाबाईंच्या डोक्यात तो डोह बसला. धबधबा म्हणजे काय, हे त्या दरसाल फळ्यावर खडूनं काढून दाखवीत. शाळेची सहल जायची ती एकाच बागेत, तीही शाळेच्या कमिटीतले गुलाबराव आपली मोटार देतील तेव्हा. गुलाबरावांच्या दोन मोटारी होत्या आणि अकोल्यात त्यांचा शब्द त्या मोटारींइतकाच वाजत असे. सत्यभामाबाईंनी कमिटीपुढं मांडलं, की सकाळची पॅसेंजर, मग छोटी गाडी, मग एस.टी., मग पायी, संध्याकाळी परत. मोटार लागत नाही.

गुलाबराव हसले. "नववीच्या चौतीस पोरी, बिनामोटारीच्या, जंगलात? अन् वाट दाखवणार कोण?"

गोजरबाईला आत बोलावलं. ती टोपलीसकट आली.

"बाई, तुम्ही घड्याळ वापरता का?" गुलाबरावांनी विचारलं.

"नाई जी. पन गाडी चुकली नाई कधी. तुमची मोटार चुकते का?"

कमिटीतलं कोणीतरी खोकलं. गुलाबरावांचा चेहरा आवळला. सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या, "ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्याच पोरींनी डोंगर पाहायचा का? हे नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली. रेल्वे आपली आहे, एस.टी. आपली आहे."

शेवटी ठरलं ते असं. एक वेळ जाऊन पाहा. माझी पोरगी अन्नपूर्णाही येईल, गुलाबराव म्हणाले. पण रात्री आठच्या आत चौतीसच्या चौतीस पोरी अकोला ठेसनावर उतरल्या पाहिजेत. एक मिनिट उशीर झाला, तर या शाळेच्या मुलींची सहल कायमची बंद. बागेतलीसुद्धा.

"आठ म्हंजे दिवाबत्ती झाल्यावर," गोजरबाई म्हणाली. "लय येळ हाय." पण बाहेर येऊन टोपली उचलण्याआधी तिनं फाटकातून दिसणाऱ्या पोरींकडं एकदा नीट पाहिलं. आजवर तिनं डोक्यावर स्वतःचाच माल नेला होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी सगळ्या निघाल्या. पॅसेंजर वेळेवर, छोटी गाडी वेळेवर, आणि खामगावहून चिखलीकडं जाणाऱ्या एस.टी.त पोरी खिडक्यांना लोंबकळून गाणी म्हणत राहिल्या. पावणेदहाला खैरखेड फाट्यावर उतरल्या. पुढं अर्धा कोस धुऱ्याधुऱ्यानं, वावरांच्या बांधांवरून, मग खोऱ्यात.  डोह पाहून सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. पाण्यात पाय सोडले, खडकांवर वह्या ठेवून सत्यभामाबाईंनी सांगितलेलं लिहिलं, अर्धं लिहून झाल्यावर वह्या सोडून सीताफळं तोडायला पळाल्या. अन्नपूर्णा जरा अंगानं भरलेली, चालण्यात मागं. पण तिनं खडकावर बसून पाण्याच्या तिन्ही पायऱ्यांचं चित्र काढलं, ते सगळ्यांत सरस.

परतीचा हिशेब सोपा होता. अडीच वाजता चिखलीकडून येणारी एस.टी. फाट्यावर. साडेपाचला खामगावहून छोटी गाडी. मध्ये भरपूर वेळ.

पण गाव मध्ये आलं.

अकोल्याच्या चौतीस पोरी आणि मास्तरीनबाई आपल्या शिवारात येणार, हे ऐकून सरपंच पंजाबरावांनी सकाळीच रोडग्यांची तयारी लावली होती. रोडगा म्हणजे भाकरी नव्हे, की थापली आणि टाकली. गव्हाच्या जाड कणकेचे पदरापदराचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, पुरून भाजायचे. आरानं घाई ऐकून घेतली असं आजवर झालेलं नाही. एक वाजता पोरी गावात आल्या तेव्हा आर नुसता धुमसत होता. वांग्याची भाजी तयार, वरण तयार, रोडगे कच्चे.

दोन वाजले. गोजरबाई दोनदा आराकडं आणि चारदा सूर्याकडं पाहून आली. "भाऊजी, पोरी निघते आता."

"बह्याड झाली का वहिनी?" पंजाबराव म्हणाले. "गावातून उपाशी धाडू? लोक माह्या तोंडावर थुकतीन."

"एस.टी. जाईन ना!"

"तिची फिकीर मी केली." पंजाबरावांनी मिशीवर हात फिरवला. "सकाळी गाडी वर जाऊन राह्यली होती, तवाच कंडक्टरले सांगतलं, येताना थांबू नको बापा, आमचे पाहुने जेवून निघतीन. पाचच्या गाडीनं येतीन."

"पाचची कोनती गाडी?"

"अमडापूरची. मी नेहमी त्याच गाडीनं येतो."

 पंजाबराव वर्षानुवर्षं गावाबाहेर पडायचे ते फक्त अमडापूरच्या बाजाराला. बाजाराच्या दिवशी पाचची ज्यादा गाडी असते, हे त्यांना पाठ. इतर दिवशी ती नसते, हे कळायचं त्यांना कारणच पडलं नव्हतं. आणि असती तरी तिनं साडेपाचची छोटी गाडी गाठली नसती.

"भाऊजी, आज बाजार हाय का?"

पंजाबराव बोटांवर वार मोजायला लागले. तेवढ्यात फाट्याच्या अंगानं एस.टी.चा आवाज आला, वाढला, आणि न थांबता घाटाकडं उतरून गेला. कंडक्टर शब्दाला जागणारा माणूस निघाला.

सत्यभामाबाई पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. "आता?"

"बैलगाड्या जुंपतो," पंजाबराव पुटपुटले.

"सडकेनं सात कोस? बैल पोचतीन रातच्याले." गोजरबाईनं पदर खोचला. "बाई, पोरी चार कोस चालतीन का?"

"तीन तासांत? या? यांना शाळेपासून घरापर्यंत टांगा लागतो."

"चालतीन का, ते मी पाह्यतो. तुमी फक्त एक करा. मी सांगीन ते काऊन म्हनून इचारू नका."

मग ती आराकडं वळली आणि काठीनं रोडगे बाहेर ओढायला लागली. वरून काळे, आतून जरा नरम. "भाऊजी, तुमचा मान राह्यते. रोडगे पोरींसंगं जाते." पंजाबरावांनी स्वतः राख झटकून ते फडक्यांत बांधले.

गोजरबाईनं मग जे केलं ते पाहून सत्यभामाबाईंना वाटलं, ही बाई खरंच बह्याड आहे. तिनं पोरींना ओळीत उभं केलं. ज्यांनी तोडलेली सीताफळं ओट्यावर टाकून दिली होती त्यांना ती परत उचलायला लावली. दोन रोडगे, सात-आठ सीताफळं, एक गाठोडं. गावच्या बायांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणल्या. त्यांची चुंबळ करून एकेकीच्या डोक्यावर ठेवली, वर गाठोडं.

"अहो, रिकाम्या हातानं लवकर चालतील!" बाईंना राहवेना.

"रिकाम्या बाईचं मन इकडं तिकडं जाते, पाय त्याच्या मांगं जाते. डोक्यावर बोझं असलं की मान सरळ, नदर समोर, पाय झपझप." ती ओळीच्या टोकाला गेली आणि सगळ्यांत मागं उभ्या असलेल्या अन्नपूर्णेचा हात धरून तिला सगळ्यांत पुढं आणून उभं केलं. "तू चाल पुढं."

"मी? मी तर सगळ्यांत हळू चालते."

"म्हनूनच. आमच्यात ज्या बाईचं बोझं सगळ्यात जड, ती पुढं राह्यते. मांगं ठेवली तं ती तुटते, मंग तिच्यासाठी साऱ्याजनी थांबते. पुढं ठेवली तं कोनी तुटत नाई. तुह्या पायानं साऱ्याजनी चालतीन. बसायचं मात्र नाई. बसलं की पाय मरते."

पावणेतीनला ओळ खोऱ्यात उतरली. गोजरबाई अन्नपूर्णेच्या बाजूनं, सत्यभामाबाई शेवटी. वाटेत ठिकठिकाणी छातीइतक्या उंचीचे दगड रचून ठेवलेले होते. बोझंवाल्या बायांच्या किती पिढ्यांनी ते रचले, कोणाला ठाऊक नाही. कोणाची मदत न घेता बोझं त्यावर टेकवायचं, उभ्याउभ्या वीस श्वास घ्यायचे, की पुन्हा डोक्यावर. चार कोसांत असे नऊ दगड.

पहिल्या दगडाशी पोरी खिदळत होत्या. तिसऱ्या दगडाशी चूप झाल्या. चौथ्याशी अन्नपूर्णेच्या चपलेचा अंगठा तुटला. ती रडकुंडीला आली. "गोजरमावशी, मला नाही जमायचं. माझ्यामुळं सगळ्यांची गाडी चुकेल. बाबा बरोबरच म्हणत होते."

"काय म्हनत होते?"

"की मी पहिल्या कोसातच बसेन."

"मंग आता कोनता कोस हाय?"

"मला काय ठाऊक?"

"दुसरा सरून राह्यला." गोजरबाईनं खाली वाकून आपल्या वहाणा काढल्या आणि तिच्या पायापुढं सरकवल्या. "घाल. अन् तुह्या बापाले काय सांगायचं ते मनात घोयत चाल. चालाले कामी येते."

अन्नपूर्णा काय घोळत होती ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण पाचव्या दगडापासून तिची चाल बदलली. गाठोडं डुलेना. मागच्या तेहतीसजणी तिच्या पावलात पावलं टाकीत आल्या. कोणीतरी पाढे म्हणायला लागलं, बाकीच्यांनी उचललं, आणि एकोणतीसच्या पाढ्यावर चुकत, हसत ओळ सातवा दगड ओलांडून गेली. आठव्यापाशी डोंगर सुटला आणि खाली कापसाच्या पऱ्हाटीची वावरं लागली. लांबवर खामगावच्या, सरकी काढणाऱ्या जिनांची धुराडी दिसली. वावरातल्या वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अवो गोजरबाई, कोनत्या गावच्या सुना होय ह्या?"

"अकोल्याच्या!" गोजरबाईचा आवाज तीन वावरं ओलांडून गेला. "पाहून घ्या!"

नवव्या दगडाशी तिनं सूर्य पाहिला आणि म्हणाली, "हा सोडा. श्वास चालता चालता घ्या." त्या दगडाशी न थांबता जाणं तिच्या आयुष्यातही पहिल्यांदाच होतं.

खामगावच्या रस्त्यानं चौतीस पोरी डोक्यावर गाठोडी घेऊन एका ओळीत निघाल्या तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून पायरीवर आले. टांगेवाल्यांनी टांगे बाजूला घेतले. ठेसनात छोट्या गाडीचा गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता, तो ती वाजवायचीच विसरला. अन्नपूर्णेनं पहिलं पाऊल डब्यात टाकलं तेव्हा ठेसनाच्या घड्याळात पाच सत्तावीस झाले होते. सत्यभामाबाईंनी दारात उभं राहून एकेक डोकं मोजलं. चौतीस. मग त्या तशाच फळीवर बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

"आता बसा," गोजरबाई म्हणाली. "आता पाय मेले तं मरू द्या."

रोडगे गाडीतच फोडले. आतून मऊ राहिलेल्या रोडग्याबद्दल एकीनंही तक्रार केली नाही. गोजरबाई सोबत अकोल्यापर्यंत गेली, अनवाणी. घेतलेलं बोझं वाटेत उतरवणाऱ्यांतली ती नव्हती.

अकोल्याच्या फलाटावर गुलाबराव कमिटीच्या दोघा मेंबरांना घेऊन उभे होते. बाहेर त्यांची मोटार तयार होती. पोरींना शोधायला डोंगराकडं निघावं लागेल असं ते सगळ्यांना सांगत होते. गाडी आठाला बारा मिनिटं कमी असताना लागली. दारातून पहिली उतरली अन्नपूर्णा. डोक्यावर गाठोडं, पायात कोणाच्या तरी जाड वहाणा, तोंडाला राख.

"अन्नी, मोटार बाहेर आहे, चल," गुलाबराव म्हणाले.

"नको बाबा. मी सगळ्यांच्या पुढं चार कोस चालले," ती म्हणाली. "घर तर पाऊण मैलच आहे." गाठोडं तिनं डोक्यावरून काढलं नाही.

गुलाबराव माणूस हट्टी, पण आंधळा नव्हता. पोरगी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत ते तिची मान पाहत राहिले. मग त्यांनी मेंबरांकडं न बघता गोजरबाईला विचारलं, "बाई, पुढची सहल कधी?"

"पौषात नाई," ती म्हणाली. "तवा मी वेचनीवर असतो. होळीच्या आंगं या. साऱ्या खोऱ्यात पळस फुलला राह्यते. अन् नुसत्या नववीच्याच काऊन? आठवीच्याही धाडा. चालता येते त्यायलेही."

सत्यभामाबाईंनी तिथंच फलाटावर, ठेसनाच्या कंदिलाखाली, वहीत लिहून घेतलं: होळीच्या आधीचा रविवार, आठवी आणि नववी, मिळून एकाहत्तर मुली. खाली तिन्ही मेंबरांच्या सह्या घेतल्या. गुलाबरावांनी सही करताना पेन दोनदा झटकलं, पण केली.